जुन्या गोदीच्या जागेवरचा आलिशान फ्लॅट: घेण्याआधी खाली उतरून काय बघावं

तुम्ही लिहिलंय की जुन्या गोदीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमधला अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्हा दोघांना मनापासून आवडलाय. तीन बाजूंना काच, समोर पाणी, पोडियमवर, म्हणजे खालच्या पार्किंगच्या छतावर, बाग आणि स्विमिंग पूल, शेजारी विटांचं जुनं गोदाम राखून त्यात काढलेली दुकानं. तुमचे प्रश्न दोन: अशा ठिकाणी रोजचं राहणं कसं असतं, आणि पैसे भरण्याआधी काय तपासावं.

पाण्याकाठच्या इमारतींची तपासणी आणि दुरुस्ती हे माझं बावीस वर्षांचं काम आहे. अशी घरं मला आवडतात, हे आधी सांगतो. सकाळी पाण्यावरून छतावर हलणारा उजेड दुसऱ्या कुठल्याही घरात मिळत नाही. तुम्हाला या घरापासून परावृत्त करायचा माझा हेतू नाही. पण तुम्ही अकरावा मजला बघून आलात, आणि हे घर कसं निघेल ते ठरतं त्याच्या पार खाली: धक्क्याच्या भिंतीत, भरावाच्या मातीत, पोडियमच्या स्लॅबच्या पोटात आणि सोसायटीच्या राखीव निधीत. नमुना फ्लॅट दाखवणारा माणूस या चार जागी कुणालाच नेत नाही.

आधी हे बघू की शहराच्या मध्यावर, पाण्याला लागून एवढी मोठी जागा रिकामी झाली कशी. 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ नावाचं जहाज न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे 58 कंटेनर घेऊन निघालं. पुढच्या पंचवीस वर्षांत जगभरच्या शहरी गोद्या ओस पडल्या. कंटेनरच्या जहाजांना खोल पाणी लागतं आणि पेट्या रचायला मैदानं लागतात. जुन्या गोदीत दोन्ही नव्हतं. लंडनच्या गोद्या 1960 च्या दशकाच्या शेवटापासून एकामागून एक बंद होत गेल्या आणि 1981 मध्ये रॉयल डॉक्सही थांबले. साखरेचे कारखाने, वीजकेंद्रं, गॅस कारखाने पाण्याकाठीच होते, कारण कोळसा आणि कच्चा माल बोटीनं यायचा. त्यांचीही पाळी आली. म्हणजे तुमच्या टॉवरला ती जागा रिकामी मिळालेली नाही. एक जुनी भिंत आणि एक जुनी माती त्याला वारशात मिळाली आहे.

भिंतीपासून सुरू करतो, कारण खरेदी करणारे तिच्याकडे बघतच नाहीत. जमीन पाण्यात घसरू नये म्हणून काठाला उभी केलेली ती भिंत कुठे दगडी असते, कुठे एकमेकांत अडकवलेल्या पोलादी पट्ट्यांची, ज्यांना आम्ही शीट पाइल म्हणतो. ही भिंत एकटी उभी राहत नाही. तिला मागे ओढून धरणारे पोलादी गज जमिनीखालून आत येतात आणि कित्येकदा थेट इमारतीच्या आवाराखालून जातात. बागेत खोल खड्डा घेऊन नवा मंडप रोवायचा ठरला आणि खोदाईत तो गज तुटला, तर भिंत पाण्याकडे झुकू लागते.

पोलादी भिंतीचा एक रोग असा आहे की भरतीच्या वेळी तो दिसतच नाही. तळातल्या ओहोटीच्या पातळीजवळ काही जिवाणू पोलाद खाणारी परिस्थिती तयार करतात आणि वर्षाला एक मिलिमीटरच्या आसपास पत्रा झिजू शकतो. पट्ट्यांची मूळ जाडीच काही मिलिमीटरांची, त्यामुळे हा वेग फार झाला. एका वसाहतीत मी उधाणाच्या ओहोटीला होडीतून भिंतीजवळ गेलो होतो. पाण्याच्या अगदी वरच्या कडेला भगव्या-नारिंगी रंगाचे चट्टे दिसत होते, लिंपल्यासारखे मऊ. पॅलेट नाइफनं एक चट्टा खरवडला. खाली काळा, कुजका वास येणारा चिखल निघाला, आणि त्याच्याही खाली लखलखीत पोलाद. गंजलेलं लोखंड मळकट दिसायला हवं; ते नव्यासारखं चमकतंय म्हणजे तिथे झीज जोरात चालू आहे. वर त्याच भिंतीच्या माथ्यावर लोक संध्याकाळचे फिरत होते, लाकडी बाकं होती, दिवे लागले होते. त्या वसाहतीच्या कागदपत्रांत भिंतीची जबाबदारी सोसायटीवर होती, आणि समितीतल्या एकालाही ते ठाऊक नव्हतं.

म्हणून तुमचा पहिला प्रश्न हा असू दे: काठाची भिंत कुणाच्या मालकीची, आणि दुरुस्तीचा खर्च कुणावर? याचं उत्तर प्रत्येक देशात वेगळं निघतं. लंडनमध्ये थेम्सच्या काठची पूररोधक भिंत राखण्याचा भार 1879 च्या कायद्यापासून काठच्या जमिनीच्या मालकावर आहे. न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन ब्रिज पार्क जुन्या मालधक्क्यांवर उभा राहिला. ते धक्के हजारो लाकडी खांबांवर टेकलेले आहेत. त्या उद्यानाची देखभाल, खांबांच्या दुरुस्तीसह, मुख्यतः तिथल्या निवासी आणि व्यापारी इमारतींकडून येणाऱ्या पैशांवर चालते. या खांबांचीही एक गोष्ट आहे. बंदराचं पाणी घाण होतं तेव्हा लाकूड पोखरणारे समुद्री किडे त्यात जगू शकत नव्हते. पाणी स्वच्छ ठेवण्याच्या 1972 च्या कायद्यानंतर ते हळूहळू स्वच्छ होत गेलं आणि किडे परतले. पाणी सुधारलं ही आनंदाचीच गोष्ट, पण तिचं बिल खांबांनी भरलं. तुमच्या शेजारचं विटांचं गोदाम लाकडी खांबांवर असेल तर त्याची पाहणी शेवटची कधी झाली, हेही विचारा.

आता माती. जुन्या औद्योगिक जागेवरची माती म्हणजे कोळशाची राख, पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, गोदी खोल करताना काढलेला गाळ आणि कारखान्यातून सांडलेलं जे काही असेल ते. गॅस कारखाना होता तर डांबर आणि बेन्झीन. जहाजदुरुस्ती होती तर शिशाचा रंग, अॅस्बेस्टॉस आणि जहाजाच्या तळाला लावायचा विषारी लेप. मुलामा देण्याचा कारखाना होता तर क्रोमियम. एका पायाच्या खड्ड्यात मी गडद निळी माती पाहिली आहे, शाईच्या दौतीसारखी निळी. कोळशाचा गॅस शुद्ध करताना वापरलेल्या लोहभुकटीत सायनाइडची संयुगं अडकतात आणि असा रंग येतो. काम थांबलं, नमुने गेले, आणि त्या कोपऱ्यातली माती सीलबंद गाड्यांतून हलवावी लागली.

हे वाचून घाबरू नका. दूषित जागेवर सुरक्षित घर बांधता येतं आणि तशी खूप बांधलेली आहेत. फक्त सगळी माती उचलून नेणं क्वचितच परवडतं, म्हणून बहुतेक ठिकाणी दूषित थर खाली ठेवून वर स्वच्छ मातीचं जाड पांघरूण घालतात. दोन्हींच्या मध्ये बऱ्याचदा भडक रंगाची प्लास्टिकची जाळी असते: खणणाऱ्याला ती लागली की थांबायचं. इमारतीच्या तळाच्या स्लॅबखाली वायू अडवणारा पडदा अंथरतात आणि त्याखालच्या वाफा बाहेर नेणारे पाइप गच्चीपर्यंत चढवतात. हा सगळा बंदोबस्त काम करतो, पण तो शाबूत राहिला तरच. तळमजल्यावरच्या एका घरात नव्या मालकानं न्हाणीघर हलवलं, प्लंबरनं स्लॅबला भोक पाडलं, पडदा फाटला. दुपारी दारं बंद असली की कपाटापाशी नॅप्थलीनच्या गोळ्यांसारखा वास येऊ लागला. घरच्यांना वाटलं कुणी कपड्यांत गोळ्या ठेवल्यात. मापन केल्यावर कळलं की खालची वाफ वर येतेय. तुमच्या फ्लॅटवर, अकराव्या मजल्यावर, हा धोका नगण्य आहे. पण लिफ्टची विहीर आणि तळघर हेही वाफेचे रस्ते असतात, आणि तळमजल्यावर लहान मुलांची खोली किंवा पाळणाघर असेल तर माहिती हवीच. माती शुद्ध केल्याचा अंतिम अहवाल आणि त्यात घातलेल्या अटी मागा. अट असेल तर ती कायमची असते. इमारत जुनी झाली म्हणून सुटत नाही.

भराव खचतो, ही त्याच विषयाची दुसरी बाजू. टॉवर स्वतः पाइलवर, म्हणजे खोल नेलेल्या खांबांवर उभा असतो. पाइल खडकाला टेकले असतील तर तो सहसा हलत नाही. सॅन फ्रान्सिस्कोचा मिलेनियम टॉवर 2009 मध्ये खुला झाला, 58 मजली, महागडा. त्याचे पाइल खडकापर्यंत न जाता वाळूच्या थरात थांबले होते. 2016 पर्यंत इमारत सुमारे 16 इंच खचली होती आणि एका बाजूला कललीही होती. पुढे खडकापर्यंत जाणारे नवे पाइल घालून तिला आधार द्यावा लागला. असा प्रकार विरळाच. नेहमीचा प्रकार उलटा: टॉवर जागेवर राहतो आणि भोवतालचा भराव बसत जातो. मी कुठल्याही अशा आवारात शिरलो की आधी दारासमोरची पायरी बघतो. फरशी आणि उंबऱ्याच्या मध्ये सांध्याला नवं सिमेंट भरलेलं आहे का, उतार दोनदा वाढवलाय का, झाडांच्या कुंड्या भिंतीपासून सुटल्या आहेत का. पायरी जितकी खाली गेली तितकाच जोर जमिनीतून इमारतीत शिरणाऱ्या पाइपांवर आलेला असतो. सांडपाण्याचा पाइप तिथेच मोडतो, आणि पहिली तक्रार येते ती तळघरातल्या दुर्गंधीची.

पोडियमवर जरा जास्त थांबतो, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त पैसा आणि भांडणं तिथेच जातात. खाली गाड्या, वर बाग आणि पूल, आणि मध्ये एक स्लॅब. त्या स्लॅबवर मातीचं ओझं, पाणी, झाडांची मुळं, पुलाचं क्लोरीन आणि हवेतलं मीठ. वॉटरप्रूफिंगचा थर या सगळ्यांच्या खाली गाडलेला. तो पंधरा-वीस वर्षांनी बदलायचा म्हणजे अख्खी बाग उचलायची. म्हणून दर सर्वसाधारण सभेत तो विषय पुढच्या वर्षावर जातो.

फ्लोरिडातल्या सर्फसाइडची चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही इमारत आठवा. ती औद्योगिक जागेवर नव्हती, समुद्रकिनाऱ्यावर होती, 1981 मध्ये बांधलेली. 2018 मध्ये एका अभियंत्यानं लेखी कळवलं होतं की पूल डेकवरचं वॉटरप्रूफिंग उतार न देता सपाट घातलंय, पाणी वाहून जात नाही आणि खालच्या काँक्रीटचं मोठं नुकसान झालंय. दुरुस्तीचा खर्च वाढत वाढत सुमारे दीड कोटी डॉलरवर गेला, मालकांत वाद झाले. काम सुरू होत असतानाच 24 जून 2021 च्या पहाटे इमारतीचा मोठा भाग कोसळला आणि 98 माणसं गेली. त्या स्लॅबची रचना मुळातच कमी ताकदीची होती, असंही पुढे दिसलं. एकच कारण नव्हतं. पण पडझडीची सुरुवात पूल डेकपासून झाली, याकडेच तपासातले पुरावे बोट दाखवतात. ही बातमी आली त्या आठवड्यात मी माझे जुने अहवाल काढून बसलो होतो. ‘पुढील पाच वर्षांत दुरुस्ती करावी’ असं लिहिलेल्या तीन इमारतींना फोन केले. एकीनंही काम केलेलं नव्हतं.

काँक्रीट आतून कसं बिघडतं ते समजून घेतलंत तर तुम्ही स्वतः बरंच ओळखू शकाल. ताज्या काँक्रीटमधली सळई सुरक्षित असते, कारण सिमेंटच्या अल्कलीमुळे तिच्यावर एक पातळ संरक्षक थर बसतो. मिठातलं क्लोराइड भेगांतून, छिद्रांतून आत झिरपत सळईपाशी पोचलं की तो थर तुटतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते, तो आतून रेटा देतो आणि काँक्रीट फुगून सुटतं. सुटण्याआधी ते पोकळ झालेलं असतं. आमचं सगळ्यात जुनं आणि अजूनही विश्वासाचं हत्यार म्हणजे हातोडी. पार्किंगमध्ये तुळईच्या पोटाला हलके ठोके देत जायचं. चांगलं काँक्रीट खणखणीत वाजतं, सुटलेलं बद्द वाजतं. वर कुंड्यांची रांग असेल तर खाली तिच्या रेषेत ठोके द्या. मी एका पार्किंगमध्ये असाच चाललो होतो, टण्, टण्, टण्, आणि मग सलग चार मीटर बद्द. छत नुकतंच पांढरंशुभ्र रंगवलेलं होतं, एक डाग दिसत नव्हता. नव्या इमारतीत पोडियमच्या खालचा रंग ताजा असेल तर मला आधी संशय येतो. तुमच्या हातात हातोडी कुणी देणार नाही, पण डोळे आहेत: छतातून लोंबणाऱ्या पांढऱ्या बारीक कांड्या, सांध्याजवळचा लोणा, पाणी गोळा करायला छताखाली बांधलेले पत्र्याचे पन्हाळे, आणि गाड्यांच्या टपांवर पडलेले चुन्याचे ठिपके. शेवटची खूण सर्वांत बोलकी. तिथे गाडी लावणाऱ्याशी दोन मिनिटं बोला.

वरच्या मजल्यांवर मीठ वेगळं काम करतं. बाल्कनीच्या रेलिंगचं स्टेनलेस स्टील कोणत्या प्रतीचं आहे ते विचारा. 304 खाऱ्या हवेत तपकिरी पडतं. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, ते जास्त टिकतं. पण 316 लाही पावसानं किंवा हातानं धुणं लागतं, आणि डोक्यावर वरची बाल्कनी असली की पाऊस पोचत नाही. म्हणून डाग नेहमी आडोशाच्या भागातच आधी पडतात. दिसायचा डाग चालेल. रेलिंगच्या पायथ्याशी, जिथे खांब काँक्रीटमध्ये शिरतो तिथे, गंजाचा ओघळ असेल तर त्याला टेकू नका आणि तक्रार लेखी द्या. दुहेरी काचेच्या मध्ये धुकं दिसलं तर कडेचं सील गेलंय. ती काच पुसून साफ होत नाही, बदलावीच लागते. अकराव्या मजल्यावरची मोठी काच बदलायला बाहेरून पाळणा किंवा क्रेन लागते, आणि तो खर्च तुमचा की सोसायटीचा हे करारात एका ओळीत लिहिलेलं असतं. ती ओळ शोधा.

पुराबद्दल थोडक्यात. अकराव्या मजल्यावर पाणी येणार नाही, पण तुमची वीज, लिफ्ट आणि पाण्याचे पंप कुठे आहेत यावर तुमचं हाल होणं किंवा न होणं अवलंबून आहे. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळात न्यूयॉर्कच्या काठच्या कित्येक उंच इमारतींची तळघरं भरली. स्विचगिअर, म्हणजे इमारतीला वीज वाटणारी यंत्रणा, खाली, जनरेटरचं इंधन खाली. वरची घरं कोरडी होती आणि राहण्याजोगी नव्हती. माणसं अंधाऱ्या जिन्यांनी पाण्याच्या बाटल्या वर नेत होती. उलट हॅम्बुर्गच्या हाफेनसिटीकडे बघा. 1962 च्या पुरात त्या शहरात 315 माणसं गेली होती. हाफेनसिटी ही 157 हेक्टरची जुनी बंदराची जागा शहराच्या मुख्य बांधाच्या बाहेर आहे, म्हणून इमारती समुद्रसपाटीपासून सुमारे 8 ते 9 मीटर उंच ओट्यांवर बांधल्या. गाड्या ओट्याच्या पोटात, आणि त्या पोटाला पूरदरवाजे. रस्ते आणि पूलही उंचावर नेले, म्हणजे पूर आला तरी रुग्णवाहिका दारापर्यंत येते. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात: इमारत उंच आणि रस्ता सखल असेल तर तुम्ही बेटावर आहात.

आता राहण्याबद्दल. पहिली गोष्ट उजेड. सूर्य डोक्यावर असताना पाणी जेमतेम दोन टक्के प्रकाश परतवतं. तो क्षितिजापासून दहा अंशांवर उतरला की तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. त्यामुळे पश्चिमेला पाणी असेल तर संध्याकाळी दोन सूर्य घरात येतात, एक वरून आणि एक खालून. वरच्या सूर्याला छज्जा अडवतो, खालच्याला नाही. बाहेरच्या बाजूनं खाली-वर करता येणारे पडदे असतील तर घर सुखाचं. नुसते आतले पडदे उजेड अडवतात, पण उष्णता तोवर काचेच्या आत आलेली असते. फ्लॅट सकाळी दाखवला असेल तर संध्याकाळी पाच वाजता पुन्हा जा.

वारा. बाल्कनी कोपऱ्यावर असेल तर वर्षातले बरेच दिवस तिथे खुर्ची टिकणार नाही. मध्यभागची, तीन बाजूंनी भिंती असलेली बाल्कनी छायाचित्रात साधी दिसते आणि रोज वापरात येते. रेलिंगच्या पट्ट्यांतून वारा शिट्टी घालतो का, ते वारा असलेल्या दिवशीच कळतं. आवाजही पाण्यावरून लांब येतो. संध्याकाळी पाण्यालगतची हवा थंड आणि वरची उबदार असली की आवाज वर न जाता खाली वळतो, आणि पलीकडच्या काठावरचं बोलणं तुमच्या खिडकीत ऐकू येतं. अजून चालू असलेला एखादा धक्का किंवा सिमेंटचा कारखाना शेजारी असेल तर तो तुमच्या आधीपासून तिथे आहे, हे ध्यानात ठेवा. इंग्लंडच्या नियोजन धोरणात 2018 पासून हे स्पष्ट आहे की नवं बांधकाम करणाऱ्यानं आवाजाचा बंदोबस्त स्वतः करायचा. जुन्या उद्योगानं गाशा गुंडाळायचा नाही. मला हा नियम न्याय्य वाटतो. ज्या कामामुळे ती वस्ती उभी राहिली ते काम करणाऱ्यांना नव्या शेजाऱ्यांच्या झोपेसाठी हाकलून दिलं जाऊ नये. तुम्ही मात्र खिडकीची काच लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली, आहे का ते बघा; तिच्यातून आवाज कमी येतो.

समोरच्या दृश्याची हमी कुणी देत असेल तर ती लेखी मागा. इंग्रजी कायद्यात 1610 च्या आल्ड्रेड खटल्यापासून हे ठरलेलं आहे की दृश्य गेलं म्हणून दावा चालत नाही. समोरचा रिकामा भूखंड कुणाचा आणि त्यावर किती उंच बांधता येतं, हे नियोजन विभागात बघून या. काचेच्या घराचं दुसरं टोक म्हणजे तुम्ही दिसणं. लंडनमध्ये जुन्या बँकसाइड वीजकेंद्राचं टेट मॉडर्न झालं, शेजारी निओ बँकसाइडचे काचेचे फ्लॅट आले, आणि 2016 मध्ये संग्रहालयाच्या नव्या इमारतीत प्रेक्षकसज्जा उघडला. लोक थेट दिवाणखान्यांत बघू लागले, फोटो काढू लागले. फ्लॅटमालक सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 2023 मध्ये तीन विरुद्ध दोन मतांनी जिंकले. मधली सात वर्षं त्यांनी पडदे लावून काढली असतील, असं मला वाटतं. तुमच्या काठावर सार्वजनिक फिरती वाट आहे, ती असायलाच हवी. त्या वाटेवरून आणि समोरच्या पुलावरून तुमचं घर किती दिसतं ते रात्री दिवे लावून बघा.

वाहतुकीचं एक उदाहरण देऊन पुढे जातो. लंडनच्या जुन्या गोदीच्या जागेवरच्या कॅनरी वॉर्फमधला मोठा मनोरा 1991 मध्ये पुरा झाला. तो उभारणारी कंपनी 1992 मध्ये बुडाली. शहराशी नीट जोडणारा भुयारी रेल्वेचा ज्युबिली मार्ग 1999 मध्ये आला. ‘स्टेशन लवकरच’ या पाटीवर विसंबून घर घेऊ नका. आज जे चालू आहे त्यावरच कामावर जाण्याचा हिशोब करा.

आणि एक अगदी साधी तपासणी, जी मी प्रत्येकाला सांगतो. आठवड्यातल्या कामाच्या दिवशी रात्री नऊ वाजता समोरच्या काठावर उभे राहा आणि पेटलेल्या खिडक्या मोजा. अशा इमारतींत कित्येक फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेले असतात आणि वर्षभर अंधारात असतात. माणसं राहत नसली की खालची दुकानं टिकत नाहीत, सभेला कोरम होत नाही, आणि पोडियमच्या दुरुस्तीचा ठराव मंजूर करायला हात वर होत नाहीत. जिथे निम्म्याहून जास्त खिडक्या पेटलेल्या असतात, वाटेवर जुन्या कामगार वस्तीतली मुलं सायकली चालवतात, म्हातारी माणसं गळ टाकून बसतात, त्या सोसायट्यांचे अहवालही मला नेटके सापडले आहेत. याला आकडेवारीचा आधार नाही, माझी वर्षानुवर्षांची नोंद आहे.

तुम्ही तीनदा जाऊन या. एकदा अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आगेमागे, पूर्ण ओहोटीला, म्हणजे भिंतीचा पाय आणि गाळ दोन्ही उघडे दिसतील. गाळाला कुजलेल्या अंड्यांचा वास किती येतो तेही कळेल. एकदा मोठा पाऊस पडून गेल्यावर, पार्किंगच्या सर्वांत खालच्या मजल्यावर आणि लिफ्टच्या खड्ड्यापाशी; जुन्या शहरांत पावसाचं पाणी आणि सांडपाणी एकाच गटारातून जातं आणि जोराच्या पावसात ते पाण्यात सोडलं जातं, ते दृश्यही त्या दिवशी दिसेल. तिसरी फेरी ती रात्री नऊची.

कागद चार मागा: काठाच्या भिंतीच्या मालकीचा आणि शेवटच्या पाहणीचा, मातीशुद्धीचा अटींसह, पोडियमच्या वॉटरप्रूफिंगचा हमीपत्रासह, आणि राखीव निधीचा पुढच्या तीस वर्षांच्या कामांच्या अंदाजासह. पूल, जिम, स्वागतकक्ष यांचा खर्च किती घरांत वाटला जातो तेही त्यातच दिसेल. चाळीस घरांत पूल सांभाळणं आणि चारशे घरांत सांभाळणं यात फार फरक आहे. विकणारा तीन कागद लगेच देईल आणि एकासाठी वेळ मागेल. बहुतेक वेळा तो भिंतीचा असतो. तो हातात येईपर्यंत बयाणा देऊ नका, आणि आला की मला पाठवा. मी वाचून कळवतो.